‘कृष्ण’ या नावाचे धनी : नामसाम्य आणि ओळखीचा प्रश्न

प्राचीन व मध्ययुगीन वाङ्मयाच्या अभ्यासकाला ज्या अडचणी वारंवार भेटतात, त्यांत नामसाम्याची अडचण दिसावयास लहान, परंतु परिणामाने मोठी आहे. ताम्रपटात राजाचे नाव येते, पोथीच्या अखेरीस कवीचे नाव येते, शिलालेखात नदीचे नाव येते. ते नाव आपल्या ओळखीचे असते, आणि ओळखीचे नाव दिसताच ओळखीची व्यक्ती किंवा ओळखीचे स्थळ डोळ्यांपुढे उभे राहते. येथेच चूक होण्याचा संभव असतो. ‘अमुक नाव आले, म्हणून अमुक व्यक्ती’ हे अनुमान आपण इतक्या सहजपणे करतो, की ते अनुमान आहे याचेही भान राहत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘कृष्ण’ या एकाच, दोन अक्षरी नावाच्या आधारे करावयाचा आहे. भारतीय परंपरेत हे नाव देवाचे आहे, ऋषींचे आहे, राजांचे आहे, कवींचे आहे. त्याचप्रमाणे ते नदीचे, डोंगराचे, हरणाचे आणि मिऱ्याचेही आहे. या सर्वांची केवळ यादी करणे हा येथे हेतू नाही. एका नावाखाली जमलेल्या या समुदायातून एकेक धनी वेगळा कसा ओळखावा, आणि तो न ओळखल्यास इतिहासाची कोणती हानी होते, हे दाखवावयाचे आहे.

१. शब्दाचे मूळ स्वरूप

‘कृष्ण’ हा शब्द मुळात विशेषनाम नव्हे, तर विशेषण आहे. त्याचा अर्थ ‘काळा’. शुक्ल, श्वेत आणि अर्जुन हे त्याचे विरोधी शब्द. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील नवव्या सूक्तात दिवसाच्या अंधाऱ्या भागाला ‘कृष्ण’ आणि उजळ भागाला ‘अर्जुन’ म्हटले आहे. महिन्याचा कृष्णपक्ष आणि शुक्लपक्ष, यजुर्वेदाची कृष्ण आणि शुक्ल अशी दोन रूपे, ही सर्व या वर्णविरोधातूनच निघालेली नावे होत. यजुर्वेदाच्या बाबतीत काळेपणा शाईचा वा पानाचा नाही. मंत्र आणि ब्राह्मण यांची ज्यात सरमिसळ आहे तो ‘कृष्ण’, आणि ज्यात ते वेगळे काढले आहेत तो ‘शुक्ल’, असे परंपरा सांगते. म्हणजे वर्णवाचक शब्द येथेच लाक्षणिक झाला.

जे काही काळे, त्या सर्वांस हा शब्द लागू पडत असल्यामुळे तो पुष्कळ वस्तूंचे नाव झाला यात नवल नाही. काळवीट ‘कृष्ण’ अथवा ‘कृष्णमृग’. त्याचे कातडे ते ‘कृष्णाजिन’. अमरकोशात पिंपळीच्या पर्यायांत ‘कृष्णा’ हा शब्द येतो, आणि मिऱ्याच्या पर्यायांत ‘कृष्ण’ हा नपुंसकलिंगी शब्द येतो. दोन्ही पदार्थ एकाच फडताळात राहणारे, दोन्ही तिखट. तथापि वैद्यकग्रंथाच्या वाचकाने लिंगाकडे दुर्लक्ष केल्यास मिऱ्याच्या जागी पिंपळी पडेल. नामसाम्याचे निराकरण करणारा पहिला साक्षी व्याकरण होय, हे या लहानशा उदाहरणावरून दिसते.

दुसरा साक्षी स्वर. वेदभाषेत ‘काळा’ या अर्थी ‘कृष्ण’ शब्दाचा अंत्य स्वर उदात्त असतो. काळविटाचे नाव म्हणून तो येतो तेव्हा आद्य स्वर उदात्त होतो. फिट्सूत्रकारांनी या भेदाची स्वतंत्र नोंद केली आहे. लिपीने जे एक केले होते ते उच्चाराने वेगळे राखले होते. पुढे भाषेतून हा स्वर नाहीसा झाला, आणि त्याबरोबर ओळखीचे एक साधनही गेले.

२. वेदवाङ्मयातील कृष्ण

ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील पंचाऐंशीव्या सूक्ताचा (वालखिल्य सूक्ते वगळून मोजल्यास चौऱ्याहत्तराव्या) द्रष्टा म्हणून अनुक्रमणी कृष्ण आंगिरस याचे नाव देते. सूक्तातही अश्विनांना हाक मारणारा कृष्ण आहे. पहिल्या मंडलात अश्विनांनी ज्याचा हरवलेला मुलगा परत आणून दिला, तो विश्वक हा ‘कृष्णिय’ म्हणजे कृष्णाच्या कुळातला आहे. कौषीतकि ब्राह्मणातही कृष्ण आंगिरसाचा उल्लेख सापडतो. तेव्हा कृष्ण नावाचा एक ऋषी आणि त्याचे कूळ वैदिक परंपरेस ठाऊक होते, एवढे निःसंशय म्हणता येईल.

याच आठव्या मंडलात शहाण्णवाव्या सूक्तात एक निराळा ‘कृष्ण’ भेटतो. अंशुमती नदीच्या काठी दहा हजारांसह असलेला ‘द्रप्स’ हा ‘कृष्ण’ आहे आणि त्याची गाठ इंद्राशी पडते, असे तेथे वर्णन आहे. सायणाचार्यांनी येथे कृष्ण नावाचा असुर मानला. त्यावरून इंद्राचा शत्रू असलेला हा कृष्ण आणि पुढे गोवर्धनाच्या कथेत इंद्राचा गर्व उतरविणारा कृष्ण यांचा धागा जोडण्याचा मोह काही अभ्यासकांना झाला. परंतु ‘द्रप्स’ म्हणजे थेंब. ‘काळा थेंब’ असा सरळ अर्थ घेतला, तर असुर नाहीसा होतो आणि त्याच्याबरोबर धागाही नाहीसा होतो. एक शब्द विशेषण मानावा की विशेषनाम, एवढ्या निर्णयावर एका व्यक्तीचे अस्तित्व अवलंबून आहे. नामसाम्याचा विचार करण्यापूर्वी जे समोर आहे ते नाव तरी आहे काय, हा प्रश्न विचारावा लागतो तो यासाठीच.

तिसरा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत वादग्रस्त. छांदोग्य उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायातील सतराव्या खंडात घोर आंगिरस हा कृष्ण देवकीपुत्र यास उपदेश करतो. मनुष्याचे जीवन हाच एक यज्ञ असून तप, दान, आर्जव, अहिंसा आणि सत्यवचन या त्याच्या दक्षिणा आहेत, असे त्या खंडाचे प्रतिपादन आहे. येथे केवळ नाव जुळत नाही, तर मातेचे नावही जुळते. म्हणून हेमचंद्र रायचौधुरी यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैष्णव पंथाच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात उपनिषदातील कृष्ण आणि महाभारतातील वासुदेव कृष्ण एकच असे मानले. या दक्षिणांची नावे भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी येणाऱ्या गुणांच्या यादीतही आढळतात, हा त्यांच्या पक्षाचा एक आधार होता. उलट बाजूने असे म्हणता येते, की पुराणे श्रीकृष्णाचा गुरू म्हणून सांदीपनीचे नाव सांगतात, घोर आंगिरसाचे नाही. आणि उपनिषदातील शिष्याला ‘वासुदेव’ हे नाव कोठेही दिलेले नाही.

रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात निराळी उपपत्ती मांडली. त्यांच्या मते ‘वासुदेव’ हे मूळ नाव. कृष्ण ऋषीची परंपरा आणि कार्ष्णायन गोत्र ही स्वतंत्रपणे चालत आली होती. वासुदेवास देवत्व प्राप्त झाल्यावर या परंपरेच्या योगाने ‘कृष्ण’ हे नाव त्याच्याशी जोडले गेले. कोणता पक्ष ग्राह्य, याचा निर्णय येथे करावयाचा नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे, की दोन्ही पक्षांतील एकही थोर पंडित केवळ नावावर विसंबत नाही. एकाने शिकवणुकीचे साम्य पुढे केले, दुसऱ्याने गोत्राचा आधार घेतला. वाद नावामुळे उद्भवला. त्यातील युक्तिवाद मात्र नावाबाहेरच्या पुराव्याचे आहेत.

या संदर्भात शिलालेखांची साक्षही पाहण्यासारखी आहे. जुन्नरजवळील नाणेघाटाच्या सातवाहन लेखात आरंभी ज्या देवतांना वंदन केले आहे, त्यांत संकर्षण आणि वासुदेव आहेत. बेसनगरच्या गरुडस्तंभावर हेलिओदोराने ज्या देवाधिदेवाचे नाव कोरविले तोही ‘वासुदेव’ आहे. दोन्ही ठिकाणी ‘कृष्ण’ हा शब्द नाही. पतंजलीच्या महाभाष्यात मात्र, म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात, कंसाला मारणारा वासुदेव म्हणूनही निर्दिष्ट आहे आणि मामाशी वाईट वागणारा कृष्ण म्हणूनही. तेव्हा त्या काळी ही दोन नावे एकाच व्यक्तीची झाली होती असे दिसते. एका नावाचे अनेक धनी असतात, तसे एका धन्याची अनेक नावे असतात; दुसरी बाजू विसरून पहिलीचा विचार पुरा होत नाही.

३. महाभारतातील चार कृष्ण

महाभारतात तर हे नाव एकाच कथेत चौघांना मिळाले आहे. वासुदेव कृष्ण हा सर्वांस ठाऊक असलेला. ग्रंथाचा कर्ता म्हणून सांगितलेले व्यास हे कृष्ण द्वैपायन : वर्णाने काळे म्हणून कृष्ण, बेटावर जन्मले म्हणून द्वैपायन. द्रुपदाची कन्या ही कृष्णा. ‘द्रौपदी’, ‘पांचाली’ आणि ‘याज्ञसेनी’ ही तिची नावे पिता व देश यांवरून आलेली आहेत, तिचे स्वतःचे नाव कृष्णाच. चौथा अर्जुन. विराटपर्वात उत्तराने विचारल्यावर अर्जुन आपली दहा नावे सांगतो, त्यांत ‘कृष्ण’ हे एक आहे. ज्याच्या नावाचा अर्थच ‘शुभ्र’ त्याला ‘काळा’ हेही नाव असावे, हा विरोधाभास महाभारतकारांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही; वासुदेव आणि अर्जुन या जोडीस ‘दोन कृष्ण’ असे द्विवचनी संबोधनही महाभारतात येते.

येथे नामसाम्य हा अपघात नव्हे. कवीने त्याचा उपयोग करून घेतला आहे. तथापि वाचकाचा गोंधळ होऊ नये याचीही काळजी घेतलेली दिसते. व्यासांस बहुधा ‘द्वैपायन’ जोडलेले असते, वासुदेवास ‘वार्ष्णेय’, ‘माधव’, ‘केशव’ अशी नावे आलटून पालटून येतात, द्रौपदीचे नाव स्त्रीलिंगी असल्याने वेगळे राहते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीमुळे आता नावांचे पाठभेदही तपासता येतात. हस्तलिखितांत ‘कृष्ण’ आणि ‘कृष्णा’ यांतील भेद एका कान्याचा, आणि संधीत तोही लोपतो. पदच्छेद करताना एक कृष्णा हरवली किंवा नवा कृष्ण निर्माण झाला, तर त्याचा दोष व्यासांकडे जाऊ नये.

४. प्राकृतातील रूपे

संस्कृतातील ‘ष्ण’ या जोडाक्षराचा प्राकृतात ‘ण्ह’ होतो. उष्ण-उण्ह, तृष्णा-तण्हा, विष्णु-विण्हु. त्याच नियमाने कृष्ण-कण्ह. मराठीत हेच पुढे ‘ऊन’, ‘तहान’ आणि ‘कान्ह’ झाले. म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्यातील ऊन आणि तहान हे शब्द ‘कान्हा’चे सख्खे भाऊ आहेत. याखेरीज जोडाक्षर फोडून ‘कसण’ व ‘कसिण’ अशी रूपेही झाली. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात याविषयी एक मार्मिक नियम दिला आहे : वर्णाचा अर्थ असेल तेथे कसण, कसिण व कण्ह अशी तिन्ही रूपे चालतात, देवाचा अर्थ असेल तेथे ‘कण्ह’ हेच. वेदकाळी स्वराने जो अर्थभेद राखला होता, त्याच्यासारखाच एक भेद प्राकृतात वर्णविकाराने राखला.

पाली वाङ्मयातील ‘कण्ह’ हे याचे दुसरे दालन. दीघनिकायातील अंबट्ठसुत्तात ओक्काक राजाच्या दासीचा पुत्र कण्ह हा पुढे मोठा ऋषी झाला व कण्हायन गोत्राचा मूळपुरुष ठरला, अशी कथा आहे. घटजातकात वासुदेवाला ‘कण्ह’ म्हणून हाक मारली आहे. आणि याच वाङ्मयात ‘कण्ह’ हे माराचेही, म्हणजे बुद्धाच्या मार्गात विघ्न आणणाऱ्याचेही, नाव आहे. ऋषी, राजपुत्र आणि सैतान यांनी एका शब्दात एकत्र राहावे, हे पाहिले म्हणजे नावाच्या साक्षीवर किती भरवसा ठेवावयाचा याचा अंदाज येतो.

महाराष्ट्री प्राकृताच्या गाथासप्तशतीत कण्ह राधिकेच्या मुखावर गायींमुळे उडालेली धूळ फुंकरीने दूर करतो, असा एक प्रसंग आहे. येथे ‘कण्ह’ कोण याविषयी शंकेस जागा नाही, कारण राधा आणि गायी बरोबर आहेत. संदर्भ हा ओळखीचा तिसरा साक्षी होय.

५. कृष्णराजांची नाणी

इतिहासाच्या क्षेत्रात आल्यावर नामसाम्याचे परिणाम अधिक गंभीर होतात. महाराष्ट्रात कृष्ण नावाचा राजा अनेकदा झाला. नाशिकच्या पांडवलेण्यांतील एका लहान लेण्यात, सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी श्रमणांवर देखरेख ठेवणाऱ्या महामात्राने ते लेणे करविले, असा लेख आहे. पुराणे त्या वंशाच्या संस्थापकानंतर त्याचा भाऊ कृष्ण राज्यावर आला असे सांगतात. येथे प्राकृत लेखातील ‘कण्ह’ आणि संस्कृत पुराणातील ‘कृष्ण’ यांचे ऐक्य मानण्यास चांगला आधार आहे, कारण लेखात नावाबरोबर कुळाचे नावही दिलेले आहे.

राष्ट्रकूट वंशात तीन कृष्ण झाले. पहिल्याची कारकीर्द सुमारे ७५६ ते ७७४, दुसऱ्याची सुमारे ८७८ ते ९१४, तिसऱ्याची ९३९ ते ९६७. नाव एक, वंश एक, इतकेच नव्हे तर ‘अकालवर्ष’ हे बिरुदही तिघांचे. तेव्हा एखाद्या लेखात ‘अकालवर्ष कृष्णराज’ एवढेच आले, तर कालनिर्देश, पित्याचे नाव अथवा समकालीन सामंत यांखेरीज निर्णय होत नाही. वेरूळच्या कैलास लेण्याचा कर्ता म्हणून पहिल्या कृष्णाचे नाव घेतले जाते. त्याचा मुख्य आधार कर्क सुवर्णवर्ष याच्या शके ७३४ (इसवी सन ८१२) च्या बडोदे ताम्रपटातील एलापूरच्या अद्भुत मंदिराचे वर्णन हा आहे. दुसरा व तिसरा कृष्ण या ताम्रपटाच्या काळानंतरचे असल्यामुळे ते आपोआप बाजूस पडतात. कालक्रम हा चौथा साक्षी. तो बहुधा सर्वांत कठोर असतो.

या साक्षीचे बळ दाखविणारे उत्तम उदाहरण म्हणजे ‘कृष्णराज’ नाव असलेली चांदीची लहान नाणी. एका बाजूस राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस नंदी असलेली ही नाणी नाशिक जिल्हा, मुंबईचा परिसर, कऱ्हाड आणि विदर्भ येथे सापडली आहेत. महाराष्ट्रातील प्रसिद्ध कृष्णराज म्हणजे राष्ट्रकूट कृष्ण पहिला; म्हणून पूर्वी ही नाणी त्याची समजली गेली. अनुमान स्वाभाविक होते. परंतु त्र्यंबकेश्वराजवळील अंजनेरी येथे सापडलेल्या भोगशक्ती राजाच्या ताम्रपटात, दंडाच्या रकमा ‘कृष्णराज-रूपक’ या नाण्यांत सांगितल्या आहेत, आणि त्या ताम्रपटाचे वर्ष कलचुरी संवत् ४६१, म्हणजे इसवी सन ७१०-११ आहे. राष्ट्रकूट कृष्ण गादीवर येण्यास तेव्हा सुमारे पंचेचाळीस वर्षे अवकाश होता. जे नाणे आधीच चलनात रुळले आहे, ते नंतरच्या राजाचे असू शकत नाही.

मग हा कृष्णराज कोण? नाशिक जिल्ह्यातील अभोणे येथील ताम्रपटात कलचुरी राजा शंकरगण याचा पिता म्हणून कृष्णराजाचे नाव येते. सहाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात राज्य करणारा हा कलचुरी कृष्णराजच नाण्यांचा धनी होय, असे वासुदेव विष्णु मिराशी प्रभृती संशोधकांच्या विवेचनाने आता मान्य झाले आहे. याचा परिणाम काय झाला ते पाहावे. नाण्यांचा काळ सुमारे दोनशे वर्षे मागे गेला. राष्ट्रकूटांच्या खाती जमा असलेले चलन कलचुरींच्या खाती आले. सहाव्या शतकात या प्रदेशावर त्यांची सत्ता होती, या गोष्टीस बळकट पुरावा मिळाला. आणि राजा जाऊन दीडशे वर्षे झाली, वंश बदलला, तरी त्याचे नाणे व्यवहारात चालू राहते, ही आर्थिक इतिहासाची महत्त्वाची गोष्टही उजेडात आली. एका नावाची ओळख चुकली असता एवढे सारे झाकलेले राहिले होते.

कन्नड आणि तमिळ लेखांत ‘कृष्ण’चे रूप ‘कन्नर’ होते. कांची आणि तंजावर घेणारा ‘कन्नरदेव’ असा तमिळ लेखांत उल्लेख येतो, तो राष्ट्रकूट तिसरा कृष्ण. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी देवगिरीच्या यादवांत कृष्ण राजा झाला (सुमारे १२४६ ते १२६१). त्याचीही ‘कन्नर’, ‘कन्हर’, ‘कंधार’ अशी रूपे लेखांत आढळतात, आणि महानुभावांच्या लीळाचरित्रात तो ‘कान्हरदेव’ म्हणून येतो. जल्हणाची ‘सूक्तिमुक्तावली’ १२५८ मध्ये त्याच्याच काळी सिद्ध झाली. दोन कन्नरांतील भेद सांगणारा साक्षी येथे नावात नाही. तो जिंकलेल्या नगरांच्या आणि राजधानीच्या नावांत आहे.

६. नदी आणि डोंगर

स्थलनामांत हाच प्रश्न निराळ्या रूपाने येतो. मुंबईजवळील कान्हेरीच्या लेण्यांचे नाव कोणा कृष्णराजावरून किंवा श्रीकृष्णावरून पडलेले नाही. तेथील प्राकृत लेखांत ‘कण्हसेल’ आणि पुढील संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरि’ अशी रूपे आहेत. अर्थ ‘काळा डोंगर’. तेथील खडक पाहणाऱ्यास या नावाचे अधिक स्पष्टीकरण नको.

महाबळेश्वरी उगम पावून सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागरास मिळणारी कृष्णा ही तर दक्षिणेची महानदी. परंतु प्राचीन लेखात ‘कण्ह’ नावाची नदी दिसली की ती हीच, असे म्हणता येत नाही. कलिंगचा राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात, सातकर्णीची पर्वा न करता त्याने पश्चिमेकडे सैन्य पाठविले आणि ते ‘कण्हबेण्णा’ नदीपर्यंत पोहोचले, असे म्हटले आहे. काही विद्वानांनी ही नदी कृष्णा मानली. तिचे ‘कृष्णवेणा’ हे जुने नाव या मताला अनुकूल आहे. परंतु विदर्भात नागपूरजवळून वाहणारी कन्हान नदी आहे, आणि ती वैनगंगेस मिळते. ‘कण्ह’ आणि ‘वेणा’ ही दोन्ही नावे येथेही एकत्र येतात. लेखात दिशा पश्चिम सांगितली आहे. कलिंगहून पश्चिमेस विदर्भ लागतो, कृष्णेचे खोरे नैर्ऋत्येस आणि दक्षिणेस राहते. म्हणून मिराशींनी कन्हानचा पक्ष स्वीकारला. एका नदीनामाच्या अर्थाप्रमाणे खारवेलाचे सैन्य आंध्रात जाते किंवा विदर्भात येते, आणि सातवाहनांच्या राज्याच्या सीमेविषयीची आपली कल्पनाही त्याबरोबर बदलते. येथे निर्णय अजून सर्वसंमत नाही. परंतु तो ज्या पुराव्यावर व्हावयाचा तो दिशेचा आणि भूगोलाचा आहे, नावाचा नव्हे. नाव तर दोन्ही पक्षांना सारखेच अनुकूल आहे.

७. मराठी वाङ्मयातील कृष्ण

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकास या नावाची निराळी रूपे भेटतात. महानुभाव पंथात ‘पंचकृष्ण’ ही संज्ञा आहे : श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर. यांपैकी व्यक्तिनाम म्हणून कृष्ण एकच. इतर चौघांच्या बाबतीत ‘कृष्ण’ ही ईश्वरावताराची पदवी आहे. व्यक्तिनाम आणि पदवी यांतील हा भेद न ओळखता पंथीय ग्रंथ वाचणाऱ्याचा गोंधळ होतो.

कवींमध्ये ‘कृष्णदास’ हे नाव वारंवार येते. १५२६ मध्ये गोव्यात श्रीकृष्णचरित्रकथा लिहिणारा कृष्णदास शामा निराळा, रामायणाचे युद्धकांड मराठीत आणणारा कृष्णदास मुद्गल निराळा, आणि ‘कथाकल्पतरू’चा कर्ता कृष्ण याज्ञवल्की निराळा. ‘कृष्णदास’ या नाममुद्रेत तर आणखी एक संदिग्धता आहे. कृष्ण या देवाचा दास आणि कृष्ण नावाच्या गुरूचा दास, असे दोन्ही अर्थ तिच्यातून निघतात. आणि भक्तिभावाने घेतलेली मुद्रा ही जन्मनाम असतेच असे नाही. उलट, तुकोबांचे धाकटे बंधू कान्होबा यांचे नाव प्रत्यक्ष ‘कान्ह’. पण त्यांच्या अभंगांत ते ‘तुकयाबंधु’ म्हणून येतात. मुद्रेवरून नाव शोधणाऱ्यास कान्होबा सापडणार नाहीत, आणि नावावरून मुद्रा शोधणाऱ्यास त्यांचे अभंग सापडणार नाहीत.

मराठी प्रदेशाबाहेरील एक उदाहरण याच संदर्भात उपयोगी आहे. हरप्रसाद शास्त्री यांना १९०७ मध्ये नेपाळात सापडलेल्या व १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्यापदांत सर्वांत अधिक पदे ‘काण्ह’ या सिद्धाच्या नावावर आहेत. त्याचीच ‘कृष्णाचार्य’, ‘कृष्णपाद’, ‘कान्हपा’ अशी रूपे आढळतात. नाथपरंपरेत जालंधराचा शिष्य कान्हपा आहे. महाराष्ट्रात मढी येथे ज्यांची समाधी आहे त्या कानिफनाथांचाही गुरू जालंधरच. गुरूचे नाव जुळते, म्हणून या ऐक्यास केवळ नामसाम्याहून अधिक आधार आहे. तरीही चर्यापदांतील सर्व पदे एकाच काण्हाची की एकाहून अधिकांची, हा प्रश्न त्याने सुटत नाही. त्यासाठी प्रत्येक पदाची भाषा आणि परिभाषा स्वतंत्रपणे तपासावी लागते.

अर्वाचीन काळाकडे येताना मराठ्यांच्या इतिहासात कान्होजी जेधे आणि कान्होजी आंग्रे भेटतात, परंतु त्यांच्याविषयी कोणाचा घोटाळा होत नाही. आडनावाची प्रथा स्थिर झाल्याने तो प्रश्न सुटला. प्राचीनांनी गोत्र, माता, पिता व स्थान यांच्या योगे जे काम साधले, तेच पुढे आडनावाने साधले.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की नामसाम्य हा ऐक्याचा पुरावा नसून केवळ चौकशीस कारण आहे. दोन ठिकाणी ‘कृष्ण’ आला म्हणजे ‘हे दोघे एक आहेत काय?’ हा प्रश्न उत्पन्न होतो. त्याचे उत्तर मिळत नाही. दुसरी ही, की उत्तर देणारे साक्षी बहुधा नावाच्या भोवती असतात : शब्दाचे लिंग व स्वर, माता-पिता व कूळ, बिरुद, स्थळ व दिशा, कालनिर्देश, आणि प्रसंगाचा संदर्भ. यांपैकी किमान दोन स्वतंत्र साक्षी जुळल्याखेरीज ऐक्य मानू नये, आणि एक बळकट साक्षी विरुद्ध गेल्यास, तो अंजनेरीच्या ताम्रपटासारखा असेल तर, ऐक्य सोडून द्यावे. तिसरी ही, की रूपभेद म्हणजे व्यक्तिभेद नव्हे. कण्ह, कन्नर, कान्हर आणि कृष्ण ही रूपे एकाच राजाचीही असू शकतात. तेथे ध्वनिविकाराचे नियम माहीत असलेला अभ्यासकच मार्ग काढू शकतो.

या दृष्टीने पाहता सूची करणे हे वाटते तितके यांत्रिक काम नाही. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या प्राचीन चरित्रकोशात (१९३२) एकाच नावाच्या निरनिराळ्या व्यक्ती क्रमांक देऊन वेगळ्या केल्या आहेत. त्यांतील प्रत्येक क्रमांक हा एकेक निर्णय आहे, आणि नव्या पुराव्याने तो बदलू शकतो. प्रबंधासाठी हस्तलिखितांची वा लेखांची टाचणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांनी हेच धोरण ठेवावे. टाचणावर नाव जसे मुळात आहे तसेच उतरावे; ‘कण्ह’ असेल तेथे ‘कृष्ण’ लिहू नये. नावाबरोबर आलेली सर्व विशेषणे, ती कितीही सांकेतिक वाटली तरी, टिपून ठेवावी. ओळख पटली असे वाटल्यास ती निराळ्या ओळीत, आधारासह लिहावी, म्हणजे मूळ पुरावा आणि आपले अनुमान एकमेकांत मिसळणार नाहीत. ही शिस्त पाळली, तर उद्या एखादा नवा ताम्रपट सापडल्यावर आपले अनुमान खोडावे लागेल, पण टाचण फाडावे लागणार नाही.